गावाचा प्रश्न आणि विद्यापीठाचे संशोधन

पुण्याजवळ आज जेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे, ते पिंपळे सौदागर पहिल्या महायुद्धाच्या काळात एक लहानसे शेतकरी गाव होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने या गावातील जमीन, पिके, कर्ज आणि कुटुंबांचा जमाखर्च यांची बारकाईने पाहणी केली व १९१७ साली तिचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे त्याच्या आळसाचे आणि लग्नकार्यातील उधळपट्टीचे फळ आहे, असे म्हणण्याची त्या काळी अधिकारीवर्गात प्रथाच पडली होती. या पाहणीने मात्र वेगळेच चित्र समोर ठेवले. १७७१ साली या गावात प्रत्येक खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती अवघ्या ७ एकरांवर आली होती. एवढ्या जमिनीत कुटुंबाचे पोट भरणे कसे अशक्य होते, हे आकड्यांनीच सांगितले. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि रोगाचे मूळ जमिनीच्या तुकड्यांत नसून शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारात व भांडवलाच्या अभावात आहे, असे प्रतिपादन केले. एका महाविद्यालयातील अध्यापक शेजारच्या गावात गेले, त्यांनी मोजमाप केले आणि त्या काळातील एका मोठ्या वादाला तथ्यांचा आधार मिळाला. संशोधनाचा याहून चांगला उपयोग तो कोणता?

परंतु या गौरवास्पद उदाहरणाला दुसरीही बाजू आहे. हा ग्रंथ इंग्रजीत होता. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो प्रकाशित केला होता आणि त्याचा वाचक म्हणजे सरकारी अधिकारी व अर्थशास्त्राचा अभ्यासक. ज्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा त्यात हिशेब मांडला होता, त्यांच्यासाठी तो लिहिलेला नव्हता. प्रश्न अभ्यासकाने ठरविला, उत्तर अभ्यासकाने शोधले आणि ते अभ्यासकांच्याच जगात पोहोचले. शंभराहून अधिक वर्षांनंतर महाराष्ट्रातील विद्यापीठीय संशोधनाचा विचार करताना ही दुसरी बाजू अधिक खटकते. कारण मॅन यांच्या अंगी असलेली चिकाटी आज दुर्मिळ झाली आहे आणि त्यांच्या पद्धतीतील उणीव मात्र सार्वत्रिक झाली आहे.

हा विचार आताच करण्याचे निमित्तही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय-सहभाग यांना श्रेयांक देण्यात येऊ लागले आहेत. याचा अर्थ असा की, हजारो विद्यार्थी प्रश्नावल्या हातात घेऊन खेड्यांत आणि झोपडवस्त्यांत जाणार. त्यांना पाठविणारे आणि त्यांचे काम तपासणारे प्राध्यापक मात्र या कामासाठी कधी तयार करण्यात आले नाहीत. ज्याला पोहता येत नाही त्याने दुसऱ्यांना पाण्यात उतरवावे, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, येथे बुडण्याची पाळी विद्यार्थ्यांवर येत नाही. ज्यांच्या दारात ही मंडळी जातात त्यांचा वेळ आणि विश्वास मात्र बुडतो.

पदवी आहे, तयारी नाही

प्राध्यापकाजवळ पीएच.डी.ची पदवी असते. मग त्याला संशोधनाचे वेगळे प्रशिक्षण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या पदवीच्या अभ्यासक्रमातच सापडते. संशोधनपद्धतीच्या वर्गात नमुना कसा निवडावा, सारणी कशी करावी, संख्याशास्त्रीय कसोटी कोणती लावावी, संदर्भ कसे द्यावेत, हे शिकविले जाते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला कोणत्या वेळी भेटावे, सरपंचाच्या ओसरीवर बसून विचारलेल्या प्रश्नांना दलित वस्तीतील माणूस खरे उत्तर का देत नाही, आणि 'तुमचे मासिक उत्पन्न किती' हा प्रश्न ज्याला महिन्याचे असे उत्पन्नच नसते त्याच्यापुढे किती निरर्थक ठरतो, हे कोणी शिकवीत नाही. परिणामी प्रश्नावली भरून येते आणि सत्य गावातच राहते.

गरिबांना या पाहण्यांचा अनुभव नवा नाही. दारिद्र्यरेषेची यादी करणारा येतो, शौचालये मोजणारा येतो, जनगणनेचा शिक्षक येतो, एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी येतो आणि महाविद्यालयाचे विद्यार्थीही येतात. प्रत्येक जण तेच विचारतो आणि पुन्हा कोणी फिरकत नाही. तेव्हा एखाद्या म्हातारीने 'लिहून घेता, पण पुढे काय होतं?' असे विचारले, तर तिला उद्धट म्हणता येणार नाही. संशोधनाच्या नीतिशास्त्रावरील अनेक व्याख्यानांत जे सापडत नाही, ते तिच्या या एका प्रश्नात आहे.

या परिस्थितीचा दोष एकट्या प्राध्यापकावर टाकणेही योग्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी गुणांकनाची पद्धत लागू केली आणि संशोधन म्हणजे छापलेला निबंध, असे समीकरण रूढ झाले. निबंधांना मागणी आली, तसा त्यांचा बाजारही उभा राहिला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके इतकी माजली की, २०१८ साली आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ नियतकालिकांची नावे काढून टाकावी लागली. ज्या व्यवस्थेत गावाची विहीर तपासण्यात घालविलेले वर्ष शून्य ठरते आणि कोणी न वाचलेला निबंध गुण मिळवून देतो, त्या व्यवस्थेत माणसे निबंधाकडेच वळणार. यात त्यांच्या नीतिमत्तेपेक्षा व्यवस्थेच्या हिशेबाचा भाग मोठा आहे.

चार रुपये आणि बारा रुपये

गरिबांच्या उपयोगी पडणारे संशोधन म्हणजे कमी प्रतीचे, भाबडे, समाजसेवेच्या अंगाने जाणारे संशोधन, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात खोलवर रुजलेला आहे. तो किती चुकीचा आहे, हे महाराष्ट्रातीलच उदाहरणांवरून दाखविता येते.

१९८० च्या सुमारास शेतमजुरांची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये होती आणि रोजगार हमी योजनेवरील मजुरीही तिच्याशीच निगडित होती. वर्धा जिल्ह्यातील खेड्यात काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांच्यापुढे प्रश्न आला तो मजुरांकडून. एवढ्या मजुरीत जगायचे कसे, हाच तो प्रश्न. घोषणा देऊन थांबण्याऐवजी त्यांनी या दराच्या मुळाशी असलेला हिशेबच तपासावयास घेतला. मजुराला किती उष्मांकांचे अन्न लागते, त्याच्या कुटुंबाला काय लागते, त्याची बाजारभावाने किंमत काय होते, हे त्यांनी नव्याने मांडले. सरकारी हिशेबातील चुका दाखवून किमान मजुरी १२ रुपये असावयास हवी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे सरकारला मजुरीचा दर वाढवावा लागला. मोर्च्यांनी जे झाले नव्हते, ते करण्यास एका काटेकोर गणिताचा हातभार लागला.

या अनुभवानंतर डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे आणि संशोधनाचे रीतसर शिक्षण घेतले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सद्भावना त्यांच्याजवळ होतीच. ती पुरेशी नाही, हे त्यांनी ओळखले. तेथून परतल्यावर त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात काम उभे केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी समजूत होती. त्या समजुतीला या आकड्यांनी तडा दिला.

त्यानंतरचा नवजात बालकांविषयीचा प्रयोग तर शास्त्रीय शिस्तीचा नमुनाच म्हणता येईल. ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात बालकांच्या मृत्युदरात ६२ टक्क्यांनी घट झाली. निरक्षर दाईला श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांची साधी पाटी तयार करण्यात आली होती. न्यूमोनिया झाला आहे की नाही, हे ती तिच्या साहाय्याने ओळखू शके. २०११ पासून ही घरोघरची बालसेवा देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग बनली. गावात जन्मलेला प्रश्न गावातच तपासला गेला आणि त्याचे उत्तर गावच्याच स्त्रियांच्या हातात परत आले.

या सर्व कामात एक सल आहे. यांपैकी काहीही कोणत्या विद्यापीठाच्या विभागात घडले नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी सामाजिक-आर्थिक पाहण्यांची परंपरा घालून दिली होती आणि दांडेकर व रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने देशाच्या नियोजनाच्या चर्चेला वळण दिले. ही परंपरा असतानाही राज्यातील बहुसंख्य महाविद्यालये या प्रवाहापासून दूर राहिली. प्रयोगशाळा त्यांच्याजवळ, ग्रंथालये त्यांच्याजवळ आणि गावेही त्यांच्या कुंपणाला लागूनच. तरीही प्रश्न आणि विद्या यांची गाठ पडली नाही.

कल्पना नवी नाही

लोकांना संशोधनाचा विषय न मानता संशोधनातील भागीदार मानावे, हा विचार १९७० च्या दशकात जगाच्या अनेक भागांत एकाच वेळी पुढे आला. टांझानियातील दार-ए-सलाम विद्यापीठात प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रातील अभ्यासकांनी 'सहभागी संशोधन' ही संज्ञा रूढ केली. १९७७ साली कोलंबियातील कार्ताहेना येथे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने या विषयावर परिसंवाद भरला. भारतात राजेश टंडन यांनी १९८२ साली दिल्लीत 'प्रिया' ही संस्था याच कामासाठी स्थापन केली. २०१२ साली युनेस्कोने या विषयाचे अध्यासन टंडन आणि कॅनडातील बड हॉल यांच्याकडे सोपविले आणि २०१७ पासून या अध्यासनाने निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांच्या अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्राला तर यासाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन आणि १८८३ साली सिद्ध केलेला 'शेतकऱ्याचा असूड' यांत शेतकऱ्याच्या घरातील भाकरीपासून कुळकर्ण्याच्या दप्तरापर्यंतचे जे तपशील आहेत, ते त्या जीवनाशी प्रत्यक्ष संबंध असल्यावाचून मिळणारे नव्हते.

प्रशिक्षण कशाचे?

मग अशा प्रशिक्षणात नेमके शिकवावे काय? तीन दिवसांची कार्यशाळा, उद्घाटनाचे दीपप्रज्वलन, चार व्याख्याने आणि शेवटी प्रमाणपत्र, हा साचा येथे कामाचा नाही. पोहणे जसे पाण्यात, तसे हे शिक्षण गावातच द्यावे लागेल आणि त्यासाठी काही महिने लागतील.

पहिली गोष्ट प्रश्न निवडण्याची. प्राध्यापकाने विषय ठरवून गावात जाण्याऐवजी गावात जाऊन विषय ठरवावा. बोलणे जितके सोपे तितके हे करणे अवघड आहे. कारण गाव एका सुरात बोलत नाही. बागायतदाराला कालव्याची वेळ महत्त्वाची वाटते, मजुराला कामाचा दिवस, पाड्यावरील बाईला पाणी आणि तरुणाला नोकरी. कोणाचा प्रश्न घ्यावयाचा, याचा निर्णय हाच संशोधनातील पहिला नैतिक निर्णय होय. ज्याचा आवाज चावडीपर्यंत पोहोचत नाही त्याच्यापर्यंत स्वतः जाणे, स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलणे आणि प्रत्येक वस्तीत निराळी बैठक घेणे, हे तंत्र म्हणून शिकावे लागते.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाचे ज्ञान त्या प्रश्नाला जोडण्याची. स्थापत्य अभियांत्रिकीचा प्राध्यापक वर्गात जलदाबाची समीकरणे वर्षानुवर्षे शिकवितो. त्याच्याच तालुक्यातील गावात नळयोजना होते, टाकी बांधली जाते, आणि तरीही उंचावरच्या किंवा टोकाच्या वस्तीला पाणी पोहोचत नाही. टाकीची उंची कमी पडली, वाटेत बेकायदा जोड दिले गेले, वीज मोजकेच तास असल्याने टाकी भरतच नाही, की उद्भवाची विहीर मार्चमध्येच कोरडी पडते? यांपैकी खरे कारण कोणते, हे ठरविण्यास त्याच्याजवळील ज्ञान पुरेसे आहे. ग्रामीण भागात दरडोई दररोज ४० लिटर पाण्याचे प्रमाण होते. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर करण्यात आले. टोकाच्या घरात प्रत्यक्षात किती लिटर पोहोचते, हे बादली आणि घड्याळ घेऊनही मोजता येते.

हे केवळ कल्पनेतले नाही. मुंबईच्या आयआयटीमध्ये १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. तेथील अध्यापक व विद्यार्थी पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा गावोगावी अभ्यास करीत आले आहेत. राज्य सरकारने २०१६ साली हाती घेतलेल्या 'उन्नत महाराष्ट्र अभियाना'मागेही हीच दृष्टी होती. जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील पाणी, शेती, ऊर्जा यांचे प्रश्न अभ्यासावेत आणि जिल्हा प्रशासनाने त्यांचा उपयोग करावा, अशी ती योजना होती.

अन्य विषयांच्या अध्यापकांनाही असेच काम आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पाणी दिसायला निर्मळ असते, पण मुलांचे दात डागाळतात आणि वय वाढते तशी हाडे वाकतात. कोणता हातपंप सुरक्षित आणि कोणता धोक्याचा, हे सांगणे रसायनशास्त्राच्या सामान्य प्रयोगशाळेच्याही आवाक्यातील आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला रोजगार हमीच्या हजेरीपटावरील दिवस आणि मजुराच्या खात्यात जमा झालेली रक्कम यांचा मेळ घालून पाहता येईल. मराठीचा अध्यापक तर या कामात अनावश्यक ठरेल असे कोणी समजू नये. सरकारी निर्णयांची दुर्बोध भाषा शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत आणणे आणि शेतकऱ्याचे म्हणणे कार्यालयाला दुर्लक्षिता येणार नाही अशा शब्दांत मांडणे, हे भाषेच्या माणसाचेच काम आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांची निवड. या प्रशिक्षणात शिकविणारे सगळे विद्यापीठातीलच असतील तर ते फोल ठरेल. 'आशा' कार्यकर्ती, अनुभवी ग्रामसेवक, रोजगार हमीवरील मजूर, वनहक्काचे दावे लढविलेला आदिवासी कार्यकर्ता यांना तेथे तज्ज्ञ म्हणून बोलवावे आणि मानधनही तज्ज्ञाचेच द्यावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अनेक वर्षांपूर्वीच आपले अभ्यासगट तयार केले. गावकरी एकत्र बसून जंगल, कायदा आणि कारभार यांचा अभ्यास करीत, बाहेरच्या जाणकारांना चर्चेला बोलावीत आणि निर्णय मात्र ग्रामसभेत स्वतः घेत. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासाचे बळ होते. ज्ञान निर्माण करण्यासाठी पदवी लागतेच असे नाही, हे त्या गावाने दाखवून दिले. अशा गावात महिनाभर केवळ श्रोता म्हणून बसणे हे कोणत्याही प्राध्यापकाला उत्तम शिक्षण ठरेल.

चौथी आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट म्हणजे उत्तर परत करण्याची. अहवाल मराठीत, आणि जेथे बोली वेगळी असेल तेथे बोलीत सांगितला गेला पाहिजे. तो ग्रामसभेत वाचला जावा, त्यावर लोकांनी आक्षेप घ्यावेत, चुका दाखवाव्यात आणि मगच तो पूर्ण झाला असे मानावे. याने संशोधनाचा दर्जा खालावत नाही, उलट वाढतो. परीक्षक फार तर संदर्भसूची तपासतो. तीनशे माणसांच्या सभेत 'हे आकडे आमच्या वाडीचे नाहीत' असे म्हणणारा माणूस मात्र संशोधकाला पुन्हा शिवारात पाठवितो.

आक्षेप आणि अडचणी

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. विद्यापीठाचे काम ज्ञाननिर्मितीचे. त्याला समाजसेवी संस्थेचे रूप दिले तर मूलभूत संशोधन मागे पडेल, हा एक आक्षेप. प्रत्येक गणितज्ञाने गावात जावे, असे कोणीच म्हणत नाही. परंतु ज्या निबंधांच्या रक्षणासाठी हा आक्षेप पुढे केला जातो, त्यांत मूलभूत म्हणण्याजोगे किती असतात, हे २०१८ च्या कारवाईने उघड केले आहे. दुसरा आक्षेप तटस्थतेचा. गरिबांची बाजू घेणारा संशोधक निःपक्षपाती कसा राहील? त्याचे उत्तर मजुरीच्या उदाहरणात आहे. प्रश्न कोणाचा घ्यावा, यात पक्ष असू शकतो. मोजमापात असू नये. बारा रुपयांचा हिशेब टिकला, तो त्यातील गणित बरोबर होते म्हणून.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. राज्यातील कितीतरी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम चालते. तासामागे पैसे मिळणाऱ्या आणि पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही याची शाश्वती नसलेल्या तरुणाने गावात वर्षभर अभ्यास करावा, अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. त्याहून नाजूक अडचण सत्तेची आहे. धान्य कोठे मुरते, पाणी कोणाच्या शेतात वळते, मजुरी कोणाच्या खिशात जाते, हे दाखविणारे संशोधन तालुक्यातील वजनदार मंडळींना आवडणारे नसते. अनेक ठिकाणी संस्थेच्या व्यवस्थापनातही तीच मंडळी असतात. अशा वेळी एकट्या अध्यापकाच्या धैर्यावर विसंबणे अन्यायाचे होईल. संशोधनामागे विद्यापीठाने संस्था म्हणून उभे राहिले पाहिजे.

आणखी एक धोका आहे तो कर्मकांडाचा. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने अनेक पिढ्यांना खेड्याचे दर्शन घडविले, हे तिचे श्रेय आहे. पण तिची शिबिरे बहुधा श्रमदान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि छायाचित्र येथवरच थांबली. २०१४ साली सुरू झालेल्या 'उन्नत भारत अभियाना'त प्रत्येक संस्थेने पाच गावे 'दत्तक' घ्यावीत, अशी कल्पना आहे. हेतू चांगला आहे, परंतु हा शब्दच विचार करावयास लावणारा आहे. दत्तक घेतले जाते ते पोरक्याला. शेकडो वर्षे आपला कारभार करीत आलेले, दुष्काळ आणि साथी सोसून उभे राहिलेले गाव पोरके कसे? प्रशिक्षणाचा पहिला तास या एका शब्दाच्या चर्चेत घालविला तरी तो वाया जाणार नाही.

पहिली पावले

यासाठी फार मोठ्या निधीची किंवा नव्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विद्यापीठाने आरंभी वीस-पंचवीस इच्छुक अध्यापक निवडावेत. सक्ती मुळीच करू नये. त्यांना एका सत्रासाठी अध्यापनाच्या भारातून सवलत द्यावी आणि जिल्ह्यातील एखाद्या अनुभवी संस्थेच्या सोबतीने प्रत्यक्ष गावात हे शिक्षण द्यावे. ग्रामसभेने स्वीकारलेला अभ्यास बढतीच्या वेळी प्रसिद्ध निबंधाइतकाच मोलाचा धरला जावा. जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांनी आवश्यक कागदपत्रे अभ्यासकांना सहज उपलब्ध करून द्यावीत आणि अहवालांना ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचा नियम करावा. विद्यार्थ्यांचे क्षेत्रप्रकल्प या अध्यापकांच्या दीर्घ अभ्यासाला जोडले, तर दरवर्षी नव्या प्रश्नावलीने गावाला त्रास देण्याचे कारण उरणार नाही. एका तुकडीने मोजलेली विहीर पुढच्या तुकडीने पुन्हा मोजली, तर दहा वर्षांत त्या तालुक्याच्या पाण्याचा असा इतिहास तयार होईल, जो आज कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

डॉ. मॅन यांनी पाहिलेले पिंपळे सौदागर आता शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. परंतु ज्या प्रश्नांसाठी ते तेथे गेले, ते पोटापुरते न पिकणारी जमीन, कर्ज आणि अपुरी मजुरी हे प्रश्न मराठवाड्यात, विदर्भात आणि सह्याद्रीच्या पाड्यांवर आजही उभे आहेत. त्या प्रत्येक ठिकाणापासून काही कोसांवर एखादे महाविद्यालय आहे आणि त्यात अशी माणसे आहेत, ज्यांच्या शिक्षणाचा खर्च समाजाने, म्हणजे काही अंशी त्या पाड्यांनीही, उचलला आहे. त्यांना गावात जाण्याची विद्या देणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे. ते पार पडले की नाही, याची कसोटीही साधी आहे. पुन्हा एखाद्या म्हातारीने 'पुढे काय होतं?' असे विचारले, तर तिच्यासमोर उभ्या असलेल्या प्राध्यापकाजवळ सांगण्यासारखे काही असले पाहिजे.